अर्ध्या तासाचं कुंकू

डिसेंबर सरत आला की सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हळदीकुंकवाची चर्चा सुरू होते. वाण काय लुटायचं, काळी साडी नसेल तर जांभळी चालेल का, फोटोला मागे पडदा कुठला लावायचा. शेवटी कुणीतरी लिहितंच, "वृंदाताई आहेत ना, फोटो त्या काढतील." मी अंगठा दाखवते आणि फोन उपडा ठेवते. तिथून रथसप्तमीपर्यंत माझं काही खरं नसतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना पतंग काढायला सांगते आणि आपण खिडकीशी जाऊन उभी राहते. चहा उकळून भांड्याला लागतो. नवरा म्हणतो, "आली वाटतं संक्रांत." फोन वाजला की मी दचकते, आणि नाही वाजला तरी उचलून बघते. ही खोड मला एका हंगामाने लावली. चार-पाच वर्षं झाली, जाता जात नाही.

माझं आजोळ कोरेगावजवळ. पौषात तिकडची थंडी अशी की सकाळी नळाला हात लावताना आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. ऊस तोडणीला आलेला असतो. पाचट पेटवलं की त्याचे काळे पापुद्रे उडत येऊन वाळत घातलेल्या धोतरांवर, पापडांवर, म्हशीच्या पाठीवर बसतात. वारा कारखान्याकडून आला तर मळीचा आंबूस वास घरात येतो आणि दोन दिवस जात नाही. गावातल्या दर दोन घरांआड एक माणूस फौजेत. सोप्यात हिरवी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. माझा मामा सुभेदार होऊन परत आला, मग मामेभाऊ विक्रम गेला. त्या वर्षी तो वर कुठेतरी बर्फात होता. कुठे ते त्याने सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही, असा रिवाज. दर एका दिवसाआड संध्याकाळी त्याचा फोन यायचा. मामी फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत डब्याच्या झाकणावर ठेवायची, कारण रेंज तिथेच.

त्या खिडकीसमोरच मामीच्या अंगणात शालनकाकी शेगडी मांडून बसायची. ही आमच्या नात्यातली नव्हे, आळीतली. नवरा जाऊन तिला अठरा-एकोणीस वर्षं झाली असतील. वाईला एका घरी कामाला असताना ती हलवा करायला शिकली. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारा, आणि चमचाचमचा पाक घालत बोटांनी फिरवत राहायचं. तासनतास. हलव्याला काटा धरतो तो थंडीत, ऊन चढलं की तो नुसता गुळगुळीत राहतो. त्यामुळे काकी पहाटे लवकर बसायची, बोटांची टोकं भाजून पांढरी पडलेली. आळीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला हलवा तिचा, नव्या सुनांच्या गळ्यातले हलव्याचे हार तिचे, लेकरांच्या बोरन्हाणाचे दागिने तिचे. हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलवायचं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर विधवाप्रथा बंद केल्याचा ठराव मोठ्या अक्षरात रंगवला होता. ठराव भिंतीवर होता आणि बायका आपापल्या घरात.

मी मांडून फोटो काढते. म्हणजे जे समोर घडतं ते टिपत नाही, नाटकासारखं रचते, माणसं उभी करते, आणि मग काढते. तेव्हा एक मालिका करत होते: बाईवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. 'सुगरण' या नावाच्या फोटोत एक निवृत्त मुख्याध्यापिका गळ्यात शाळेची सगळी पदकं घालून हातात झारा घेऊन उभी आहे. 'घरंदाज'मध्ये बँकेत मॅनेजर असलेली माझी मैत्रीण दातात पदर धरून कर्जाच्या कागदावर सही करते आहे. लोक बघून हसायचे, मग थोडे गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला फार आवडायचं. खरं सांगायचं तर त्याची चटकच लागली होती.

तर मला सुचलं की दोन फोटो जोडीने लावायचे. एकात पाटावर बसलेली सवाष्ण, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, ठसठशीत कुंकू. दुसऱ्यात उंबऱ्याबाहेर उभी असलेली विधवा. आणि भूमिका उलट करायच्या. पाटावर शालनकाकी, उंबऱ्याबाहेर विक्रमची बायको कोमल. सव्वीस वर्षांची, लोणंदची पोर, हसरी, कशालाही तयार. मामी वरच्या आळीत हळदीकुंकवाला गेली होती, मामा उसाच्या फडावर. मामी घरात नसतानाच मी हे करायला घेतलं, हेही सांगून टाकते.

"उलटं सांगतीस गं तू," शालनकाकी म्हणाली.

"उलटंच हवंय, काकी."

"मला काय, मी बसती. पर ही पोर?"

"काय होतंय काकी, फोटोच हाय की," कोमल म्हणाली. तिने टिकली काढून सवयीने आरशाच्या कडेला चिकटवली. मंगळसूत्र डोक्यावरून काढलं आणि म्हणाली, "ताई, धरा." मी ते कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यात टाकलं, लेन्स पुसायच्या फडक्याशेजारी.

मग रित्या कपाळाच्या कोमलने करंडा उघडला आणि काकीला कुंकू लावायला पुढे झाली. काकीचा हात आपोआप वर आला, कोमलचं मनगट धरायला. मधेच थांबला. त्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. मी कॅमेऱ्यातून बघत होते. मला दिसलं की हाच फोटो. मी म्हणाले, "हात तसाच ठेवा काकी. हलवू नका." आणि ती बाई तशीच बसली, हात हवेत धरून, मी उजेड मोजत होते तोवर.

नंतर कोमलचाही फोटो काढला. उंबऱ्याबाहेर, कपाळ मोकळं, आत बघणारी. ती तेवढ्यापुरती गंभीर झाली आणि मला तो गंभीरपणा छान वाटला. सगळं मिळून अर्धा तास लागला. मी काकीपुढे ओलं फडकं केलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. घरी जाऊन पुसती." तिचं घर मागच्या दाराने दहा पावलांवर आहे. ती पुढच्या दाराने गेली. दूध डेअरीवरून, मारुतीच्या पारावरून, नळकोंडाळ्यावरून, गाव वळसा घालून, चंद्रकळा नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं की मी काहीतरी जिंकले. संध्याकाळच्या पॅसेंजरने सांगलीला परत आले तेव्हा मी डब्यात गुणगुणत होते.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत कोमलचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "ताई, माझं मंगळसूत्र तुमच्याकडंच ऱ्हायलं." मी बॅग उघडली. होतं. फडक्यात गुंतलेलं. सासूला ती आत्या म्हणते. "आत्यांना सांगितलं न्हाई अजून. कोरेगावातनं एक खोटी पोत आणलीय, पदर घट्ट घेऊन हिंडती." मी म्हटलं, रविवारी आणून देते, काळजी करू नको. मग ती म्हणाली, "आन् ताई, ह्यांचा फोन न्हाई आला. फोटो काढल्या दिसापास्नं."

मी तिला जे सांगायचं ते सगळं सांगितलं. बर्फ असेल, रेंज नसेल, कुठे पुढे पाठवलं असेल, या गोष्टींचा आपल्या फोटोशी काय संबंध. बाईंच्या आवाजात सांगितलं, जसं मी मुलांना ग्रहणाबद्दल सांगते. आणि घरी आल्यावर ते मंगळसूत्र बॅगेतून काढून देवळीत ठेवलं. ज्या देवळीपुढे मी वर्षानुवर्षं हात जोडलेले नाहीत, तिथे निरांजन लावलं. नवऱ्याने विचारलं तर मी म्हणाले, लाईट जाईल असं वाटतंय. त्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. वर्गातून बाहेर यायचे, फोन बघायचे, परत जायचे. बातम्या लावायचे आणि लगेच बंद करायचे. मेंढपाळाच्या कुत्र्यासारखी नुसती घरभर फिरत होते. मला भीती वाटत होती, दुसरा शब्द नाही. मी मांडलेलं नाटक कुणीतरी वरून बघितलं आणि खरं मानलं, अशी भीती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण अशा भीतीला हसायचं हेच तर माझं काम होतं.

रविवार उजाडायच्या आधी पुन्हा कोमलचा फोन. आता ती रडत होती. मामीने नळावर खोटी पोत बघितली, विचारलं, आणि कोमलने सगळं सांगून टाकलं. "मला कायसुदिक बोलल्या न्हाईत ताई. तुमालाबी न्हाई. हातातली घागर ठेवली आन् तडक शालनकाकीच्या दारात गेल्या. म्हनल्या, शालन, तू काय दिस आमच्याकडं येऊ नगंस." एवढ्यावर थांबलं नाही. आळीत बोललं गेलं, की रांडमुंड बाईने कुंकू लावून गावातून मिरवलं, आणि तिकडे सुभेदाराच्या पोराचा पत्ता नाही. शेजारच्या घरी नातवाचं बोरन्हाण होतं. त्यांनी काकीकडून नेलेले हलव्याचे दागिने, मुकुट, बाळी, सगळं ताटात घालून, वर वर्तमानपत्र झाकून परत आणून दिलं. कोमलचं कपाळ मी पुसायला लावलं, हे कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. काकीला कुंकू लावलं हे आलं.

रविवारी पॅसेंजर कऱ्हाडला अडकली. मंगळसूत्र रुमालात बांधून मुठीत धरलं होतं. रहिमतपूर जवळ आलं तेव्हा माझ्या मनात एक वाक्य चालू होतं, आणि ते किती वेळ चालू आहे हे मला तेव्हा कळलं. वाक्य असं: उगाच लावलं शालनकाकीला कुंकू. कोमलचं काढायला नको होतं, असं नव्हतं ते. मी हे करायलाच नको होतं, असंही नव्हतं. शालनकाकीला कुंकू. म्हणजे आळीतल्या बायकांनी जे बोट दाखवलं तेच माझं, फक्त मी रेल्वेत बसून, चष्मा लावून दाखवत होते. मला स्वतःची शिसारी आली. त्या मालिकेतला सगळ्यात खरा फोटो माझा व्हायला हवा होता.

मामी सोप्यात बसली होती. आठ दिवसांत वाळून गेलेली. तिने रुमाल घेतला, कोमलला बोलावलं, स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि पदर नीट केला. मामा म्हणाला, "वर बर्फ पडलं की असंच. माझ्या टायमाला पत्र म्हैन्यानं यायचं." आणि उठून फोनचा चार्जर नीट बसलाय का ते बघून आला. तासाभरात तिसऱ्यांदा.

"मामी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "शालनकाकीला कशाला नको म्हणालीस?"

मामीने माझ्याकडे बघितलं. "मग कुणाला म्हणू? तुला? तू माझ्या नणंदंची लेक, दोन दिसांची पाव्हणी. हिला? हिच्याकडं तर मला बघवंना. मला कुणाला तरी नगं म्हणायचं हुतं गं वृंदे. ती दारासमोर हुती."

एवढं खरं कुणी माझ्याशी क्वचितच बोललं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला उसाची ट्रॉली आमच्याच वळणावर रुतली होती. दोन ट्रॅक्टर जोडून ओढाओढ चाललेली, गाण्यांचा आवाज, माणसांचा आरडाओरडा. त्यात डब्याचं झाकण थरथरलं. पहिल्यांदा मामीने ऐकलं. तिने हात पदराला पुसले, आधी डावा मग उजवा, आणि फोन उचलला. स्पीकरवर विक्रमचा आवाज आला, तुटत तुटत: "आई, ऊस गेला का गं?"

"गेला रं," मामी म्हणाली. ऊस अजून फडातच उभा होता. "कवाच गेला. तू जेवलास का?"

तो काहीतरी बोलला, बर्फ, टॉवर, दहा दिवस, कोमल कुठाय. कोमल बोलायला लागली तशी रेंज गेली. मामी चुलीसमोर बसली आणि तोंडात पदर घेऊन हलत राहिली. मामा बाहेर जाऊन ट्रॉली काढणाऱ्यांवर विनाकारण ओरडायला लागला. कोमल हसत होती आणि तिचं नाक गळत होतं. मी खिडकीचे गज धरून उभी होते.

थोड्या वेळाने मामी म्हणाली, "कोमल, जा, शालनला हाक मार. तिळगूळ घ्यायला ये म्हणावं." मीही गेले. काकी परत आलेल्या दागिन्यांचे दोरे तोडत बसली होती. मुकुटाचा हलवा एका डब्यात, बाळ्यांचा दुसऱ्यात. कोमलने फोन आल्याचं सांगितलं, तशी काकीने दोन्ही हात कपाळाला लावले आणि डोळे मिटले. तिला झालेला आनंद आमच्यापेक्षा जरासुद्धा कमी नव्हता. मग कोमल म्हणाली, "चला, आत्या बोलावत्यात."

"मी न्हाई यायची."

"अहो काकी, आता फोन आला की."

"व्हय, आला. बरं झालं. लेकरू सुखरूप हाय." तिने दोरा दाताने तोडला. "पर फोन आला न्हाई तवा मी वंगाळ, आन् आला म्हनून मी चांगली? पुन्यांदा बर्फ पडलं मंजी? माझ्या कपाळाचा आन् त्येच्या फोनाचा काय संबंध हाय, सांग की वृंदे. तू शिकलेली हायस."

रेल्वेतलं ते वाक्य मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, पण नाही सांगितलं तर तिथे उभं राहता येईना. तिने ऐकून घेतलं, हातातला हलवा डब्यात टाकला, आणि म्हणाली, "आसू दे. बोललीस तरी."

मी म्हणाले की ते दोन्ही फोटो मी काढून टाकते, कुठेच लावत नाही. त्यावर मात्र ती चिडली. "कोमलचा काढ. तो लावू नगंस, अभद्र हाय. माझा का काढतीस? मला तर एक मोठा करून दे, काच लावून. माझ्या मागं भितीवर लावायला. माझ्या पोराकडं माझा आधारकार्डाचाच फोटो हाय, त्यात मी चोरावानी दिसती."

त्या उन्हाळ्यात साताऱ्याला प्रदर्शन झालं. काकीच्या फोटोशेजारी मी एका चौकटीची जागा मोकळी ठेवली. लोक विचारायचे, इथला पडला का? कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारलं, "या बाईंनी हात फार सुंदर धरलाय. तुम्ही सांगितलं होतं का तसं?" मी म्हणाले, हात तिचा होता, मी फक्त खाली येऊ दिला नाही. त्यानंतर मी तशी मांडणी कमी केली. बंद केली नाही. पण आता कुणाला काही धरायला, पुसायला, काढायला सांगताना माझी जीभ अडखळते, आणि अडखळली तर मी ते सांगत नाही.

काचेचा फोटो मी नेऊन दिला होता. काकीने तो लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. पुढच्या संक्रांतीला मामी स्वतः तिच्या दारात गेली हलवा न्यायला, कोमलला पाठवलं नाही. काकीने हलवा दिला. मामीच्या अंगणात यायला मात्र तिने आणखी एक वर्ष घेतलं. मी दर पौषात फोन करून विचारायचे, "फोटो काढला का बाहेर?" ती म्हणायची, "आगं मरू तर दे."

यंदा ग्रुपवर पडद्याची चर्चा चालू असताना तिचाच फोन आला. मी नेहमीसारखी दचकले, आणि नाव बघून जास्तच दचकले.

"लावला बघ फोटो," ती म्हणाली. "म्हनलं, मरायची कशाला वाट बघायची. तवा मलाच दिसणार न्हाई."

"खिळा कुणी ठोकला?"

"तुझ्या मामीनं. वाकडा ठोकलाय. आन् मग सवयीनं करंडा घिऊन फोटोला कुकू लावाय गेली. म्हनलं, आवं वैनी, त्येला हाय की आधीच."

"मग?"

"मग काय. करंडा उघडाच हुता तिच्या हातात. मी म्होरंच उभी." पलीकडून परातीत बोटं फिरल्याचा आवाज येत होता. "ह्या खेपंला मी हात मधी घातला न्हाई."